फोलियट घड्याळ सारखं बंद पडतंय? वजन वाढवण्याआधी हे तपासा

चौदाव्या शतकातल्या युरोपीय मनोऱ्यांमध्ये असायची तशा लोखंडी घड्याळाची चालती प्रतिकृती बनवली, की पहिल्या महिन्यात एकच तक्रार येते. चालू होतं, दहा-वीस मिनिटं झकास टकटक करतं आणि थांबतं. आडव्या दांडीला बोट लावलं की पुन्हा चालू. इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट, निवृत्त फिटरकाकांनी गॅरेजात उभं केलेलं घड्याळ, प्लायवूडमध्ये लेझरने कापलेले संच, सगळ्यांचं रडगाणं हेच. आणि सगळ्यांनी केलेला पहिला उपायही एकच: वजन वाढवलं. घड्याळ चालतंही त्याने. आठवडाभर.

वजन वाढवणं चूक का, हे कळल्याशिवाय पुढच्या तपासण्यांना अर्थ नाही, म्हणून आधी थोडी यंत्रणा.

टांगलेलं वजन दोराने ढोल फिरवतं, ढोलावरचं मोठं चाक पिनियनमार्फत, म्हणजे छोट्या दातेरी चाकामार्फत, क्राउन व्हील फिरवतं. क्राउन व्हीलचे दाते मुकुटासारखे कडेला उभे असतात. त्याच्यासमोर उभी दांडी असते, ती व्हर्ज. तिला वर आणि खाली एकेक पाती, म्हणजे पॅलेट. दोन पात्यांमधला कोन साधारण 90 ते 100 अंश. वरचा दाता वरच्या पातीला ढकलतो, ती सुटली की समोरच्या बाजूचा दाता खालच्या पातीवर येऊन आदळतो आणि व्हर्जला उलटं फिरवतो. व्हर्जच्या डोक्यावर आडवी दांडी, दोन्ही टोकांना सरकवता येणारी वजनं. हे फोलियट.

आता मुख्य गोष्ट. लंबकाला स्वतःचा ठेका असतो, फोलियटला नसतो. गुरुत्वाकर्षण त्याला मधल्या जागी परत आणत नाही. त्याला परतवतो तो क्राउन व्हीलचा दाता. त्यामुळे झोक्याला किती वेळ लागेल ते दोनच गोष्टी ठरवतात: फोलियटचं जडत्व आणि क्राउन व्हीलपर्यंत पोचणारा जोर. जोर 10 टक्के वाढला की घड्याळ सुमारे 5 टक्के जलद होतं, म्हणजे दिवसाला एक तास दहा मिनिटं. ढोलापासून क्राउन व्हीलपर्यंत घर्षणाने जोर खाल्ला, तर तेवढंच मागे पडतं, आणि फारच खाल्ला तर थांबतं. वजन वाढवून तुम्ही घर्षण झाकता. ते तिथेच राहतं, शिवाय पाती आणि दात्यांची टोकं जास्त वेगाने झिजायला लागतात.

याच कारणाने ख्रिस्तियान हायगेन्सने 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ बनवल्यावर जुन्या फोलियट घड्याळांना लोकांनी भराभर लंबक बसवले. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथेड्रलचं, साधारण 1386 चं मानलं जाणारं घड्याळही त्यातून सुटलं नाही. 1956 च्या दुरुस्तीत त्याचा लंबक काढून फोलियट नव्याने बनवून बसवलं. प्रतिकृती करणारे बहुतेक जण त्याच घड्याळाचे फोटो समोर ठेवतात, म्हणून सांगितलं.

लक्षणं

थांबतं कसं, हे दोन-तीन वेळा नीट बघा आणि वहीत लिहा. यात घाई केली की पुढे अख्खं घड्याळ उगाच सोडवावं लागतं.

- कुठेही, कधीही थांबतं, हळूच हलवलं की चालतं. बहुतेक वेळा दोष घड्याळात नसून बाहेर असतो: ओळंबा, वारा, दोर, तेल.
- टकटक लंगडी आहे, एक टोला लांब आणि एक आखूड. फोलियट एका बाजूला ओढलं जातंय, किंवा पाती क्राउन व्हीलच्या बरोबर मध्यावर नाहीत.
- दर वेळी त्याच दात्यावर थांबतं. चाकाचा दोष.
- मध्येच खर्रकन दोन-चार दाते सुटतात. पाती आणि दाता यांची पकड कमी आहे. हे दिसलं तर घड्याळ लगेच थांबवा, कारण सुटलेला प्रत्येक दाता पातीच्या कडेवर हातोडीसारखा बसतो.
- ठरावीक हवामानात थांबतं: थंडीत पहाटे, किंवा पावसाळा लागल्यावर. तेल, दोरी नाहीतर लाकूड.

आणि हे दोष नाहीत, तरी फोन येतातच. क्राउन व्हील प्रत्येक टोल्याला किंचित मागे जातं, ते जाणारच. व्हर्जची रचनाच तशी आहे, फोलियटच्या जडत्वाने पाती दात्याला मागे रेटते. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे-मागे होणं हाही दोष नाही. त्या काळचे घड्याळजी सूर्यघड्याळ बघून वेळ लावत. त्याहून बरी वेळ हवी असेल तर भिंतीवर क्वार्ट्झ लावा.

हात लावण्याआधी

वजन उतरवा. फोलियट किंवा व्हर्ज काढायच्या आधी वजन टांगलेलं राहिलं, तर चाकांना अडवणारं काहीच उरत नाही. आठ किलोचं वजन सुसाट खाली येतं, ढोल भिरभिरतो आणि बोट चाकात असेल तर बोट जातं. ढोलाच्या रॅचेटच्या (एकाच दिशेने फिरू देणाऱ्या दातेरी चाकाच्या) खटक्यावर भरवसा ठेवू नका. वजन खाली, जमिनीवर, मगच पुढचं.

1. जागा, वारा, ओळंबा (खर्च शून्य)

सीलिंग फॅन बंद करा. हसू नका. फोलियट म्हणजे हवेत फिरणारी लांब दांडी, तिला वारा लागतो आणि दोन्ही बाजूंना सारखा लागत नाही. फॅन बंद केल्यावर तासभर चाललं तर काम झालं, काचेची पेटी करून घ्या.

मग व्हर्जला दोन बाजूंनी ओळंबा लावा, एकदा समोरून आणि एकदा कडेने. चौकटीवर लेव्हल ठेवून भागत नाही, कारण चौकट सरळ आणि व्हर्ज तिरका असं सर्रास असतं. व्हर्ज कलला की दोन गोष्टी होतात. तो आपल्या भोकांच्या एका बाजूला घासतो. आणि फोलियटची दोन टोकं जराही असमान असतील, तर जड टोक खालच्या बाजूला जाऊन बसायला बघतं. म्हणजे फोलियटमध्ये नको असलेला लंबक शिरतो. लंगड्या टकटकीचं हे पहिलं कारण. पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या घालून सरळ करा.

2. वजन आणि दोर (खर्च शून्य)

वजन भिंतीला घासतंय का? दोर चौकटीच्या आडपट्टीला लागतोय का? पट्टीवर चकाकलेली रेघ दिसली तर लागतोय. ढोलावर दोराचे वेटोळे एकावर एक चढलेत का ते खास बघा. ढोल 10 सेंमी व्यासाचा आणि दोर 8 मिमीचा असेल, तर पहिल्या थरात जोराचा हात सुमारे 54 मिमी, दुसऱ्या थरात 61-62. वजन तेच, जोर 14 टक्के जास्त, आणि घड्याळ त्या वेळात दिवसाला दीड तासाच्या चालीने पुढे पळतं. दोर पहिल्या थरावर उतरला की जोर एकदम कमी होतो आणि काठावर चालणारं घड्याळ तिथे बसतं. तुमचं घड्याळ चावी दिल्यावर छान आणि काही तासांनी बंद पडत असेल, तर आधी इथे बघा. लांब ढोल किंवा बारीक दोर, दोन्हीपैकी एक करा.

वजन म्हणून वाळूची पिशवी लावली असेल तर ती जुलैमध्ये एकदा काट्यावर ठेवा. ओल धरलेली वाळू चांगलीच जड होते. दगड किंवा लोखंड बरं. सॉल्झबरीच्या घड्याळाला दगडच आहेत.

इथेच एक चाचणी. वजनाला आणखी दहावा हिस्सा तात्पुरता बांधा. घड्याळ न थांबता चाललं, तर जोर वाटेत कुठेतरी खाल्ला जातोय, दोष चाकांत किंवा बुशात (आसाचं टोक ज्या भोकात फिरतं त्याच्या नळीत) शोधायचा. तरीही थांबलं, तर पाती-दात्यांची अडवणूक आहे. उत्तर मिळालं की जादा वजन काढा. काढाच. पुष्कळांच्या घड्याळावर ते कायमचं राहतं.

3. व्हर्ज टांगणारी दोरी (खर्च दहा-वीस रुपये)

जुन्या मोठ्या घड्याळांत व्हर्ज आणि फोलियटचा भार वरून दोरीवर टांगलेला असायचा, खालचं टोक फक्त मार्गात धरलेलं. भार खालच्या टोकावर आला तर घर्षण कितीतरी वाढतं. ही दोरी हा माझ्या मते अख्ख्या प्रतिकृतीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. लोक चाकांवर महिना घालवतात आणि इथे हाताला लागेल ती सुतळी बांधतात.

तपासणी अशी. वजन उतरवलेलं असताना फोलियट मध्यावर, चौकटीला समांतर आणा आणि अलगद सोडा. ते तिथेच राहायला हवं. हळूहळू एकाच बाजूला वळत असेल तर दोरीत पीळ आहे किंवा व्हर्ज अजून तिरका आहे. कोणतं, ते असं कळतं: दोरीची वरची गाठ पाव फेरा उलट फिरवा. वळण बदललं तर दोरी, नाही बदललं तर पुन्हा ओळंबा.

पीळदार सुती किंवा तागाची दोरी ओल लागली की आखडते. कोकणात पहिल्या पावसानंतर व्हर्ज दोन-तीन मिलिमीटर वर उचलला गेलेला असतो आणि पाती दात्याला मधल्या भागाऐवजी कडेवर घेते. नायलॉन उलटं, भाराने हळूहळू लांबत जातं, व्हर्ज खाली टेकतो आणि घड्याळ रोज थोडं थोडं सुस्त होतं. पीळ नसलेली, वेणीसारखी विणलेली रेशमी किंवा पॉलिएस्टरची दोरी घ्या, दोन दिवस नुसतं वजन टांगून ताणून घ्या, मग बसवा. वरच्या टोकाला उंची कमी-जास्त करायला स्क्रू ठेवला तर फार सोय होते. मध्ययुगात तो नव्हता, पण खटपट तुमची वाचते.

4. तेल (खर्च पन्नास रुपयांच्या आत)

घरात असतं ते तेल घालू नका. खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. पुण्या-नाशकात जानेवारीच्या पहाटे घड्याळ थांबतं आणि दहा वाजता ऊन आल्यावर सुरू होतं, तेव्हा बुशात खोबरेल आहे असं पैजेवर सांगता येतं. एरंडेल चिकटून बसतं. ग्रीस तर नकोच, एवढ्या हळू फिरणाऱ्या चाकांना ते जड जातं.

रॉकेलमध्ये फडकं भिजवून आसांची टोकं आणि बुश पुसून काढा, टूथपिकने भोकं साफ करा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब प्रत्येक टोकाला, आणि पातींच्या तोंडावर बोटाने पुसट लेप. चाकांचे आणि पिनियनचे दाते कोरडे राहू द्या. तिथे तेल घातलं की धूळ चिकटते आणि त्याचा घासायचा लगदा होतो, तो पितळ खातो.

5. पाती आणि दात्यांची पकड (खर्च नाही, वेळ मात्र लागतो)

सर्वात आधी क्राउन व्हीलचे दाते मोजा. विषम संख्या पाहिजे. वरच्या पातीवर दाता सुटतो त्या क्षणी बरोबर समोर, खाली, दोन दात्यांमधली फट असावी लागते, म्हणजे खालची पाती आत येऊ शकते. सम संख्येत दात्यासमोर दाता येतो. इंटरनेटवरून उतरवलेले काही आराखडे 30 दात्यांचे असतात, त्यात कितीही कानस मारली तरी टकटक सरळ होत नाही. चाक नवं कापा, 29 किंवा 31 चं.

दाते विषम असतील तर मार्करने दोन्ही पातींची तोंडं काळी करा, पाच मिनिटं घड्याळ चालवा आणि व्हर्ज काढून बघा. शाई कुठे पुसली गेली ते सगळं सांगतं. दोन्ही पातींवर खूण सारख्या रुंदीची आणि पातीच्या मधोमध हवी. एकीवर मोठी, दुसरीवर काठाला बारीक रेघ असेल तर व्हर्ज क्राउन व्हीलच्या मध्यावर नाही. दोन्हीवर खूण खूप खोल, अगदी दांडीपर्यंत गेलेली असेल तर चाक फार जवळ आहे: मागे रेटण्यातच जोर संपतो आणि घड्याळ थांबतं. दोन्हीवर फक्त कडेला असेल तर चाक फार लांब आहे, दाते सुटणार.

जवळ-लांब करताना एका वेळी कागदाच्या जाडीएवढंच सरकवा आणि परत शाई लावा. त्या काळच्या लोखंडी चौकटी नट-बोल्टविना, खुंट्या आणि पाचरींनी आवळलेल्या असत. तुमचीही तशी असेल तर पाचर हलकी ठोकून हे जमतं. पण त्याच पाचरी पुढे ढिल्या पडून जुळवलेलं बिघडवतात, म्हणून जुळल्यावर सगळ्या पुन्हा ठोकून बघा.

याच वेळी क्राउन व्हीलचा आस पुढे-मागे किती सरकतो ते हाताने बघा. आडव्या आसाला अर्धा-एक मिलिमीटरही प्ले, म्हणजे सैलपणा, असला तरी पकड आपोआप बदलत राहते, आणि घड्याळ कधी थांबतं, कधी दाते सोडतं. लक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा मी थेट इथे बघतो. आसावर पातळ वॉशर घालून प्ले कमी करा, शून्य नको.

पातीच्या तोंडावर नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर धार लावायच्या बारीक दगडाने, मग झिरो पेपरने सपाट करा. खाच खोल असेल तर पुढचं "कुठे थांबायचं" वाचा.

6. ठरावीक दात्यावर अडकणं

थांबलं की हात न लावता खडूने खूण करा: क्राउन व्हीलवर वरच्या पातीशी असलेल्या दात्याला, आणि मोठ्या चाकावर पिनियनशी असलेल्या दात्याला. तीन-चार वेळा थांबू द्या. क्राउन व्हीलची खूण दर वेळी त्याच जागी आली तर दोष त्याच्यात. 29 दाते आणि फोलियटचा पूर्ण झोका 4 सेकंदांचा असेल तर ते चाक दोन मिनिटांच्या आत एक फेरा घेतं, त्यामुळे हे लवकर समजतं. मोठ्या चाकाची खूण जुळली तर त्याचा दाता किंवा आसाचा वाक बघायचा.

क्राउन व्हीलचा दोष बहुधा डुगडुगण्याचा असतो. चौकटीला ताठ तार बांधा, तिचं टोक एका दात्याच्या टोकाला जेमतेम लागेल असं ठेवा आणि व्हर्ज काढून चाक हाताने फिरवा. सगळी टोकं तारेपासून सारख्या अंतरावर जायला हवीत. एखाददुसरा दाता वाकला असेल तर पक्कडीने सावकाश सरळ होतो. अर्धं चाक जवळ आणि अर्धं लांब जात असेल तर चाक आसावर तिरकं बसलंय. प्लायवूडच्या चाकांत हे पावसाळ्यात हमखास येतं. दोन्ही बाजूंना आणि कडांनाही वॉर्निश मारलं तर पुष्कळ फरक पडतो, लोक कडा सोडतात.

एखादा दाता जास्त उंच आहे म्हणून फक्त त्याला कानशीने घासायचा मोह होतो. उंची जुळते, पण दोन दात्यांमधलं अंतर बदललं तर त्या जागी टोला कायमचा लंगडतो. एखादा हात फिरवा, जास्त नाही.

7. चाकं आणि बुश

इथपर्यंत काही सापडलं नाही तर चाकं सोडवावी लागतात. व्हर्ज आणि दोर काढून प्रत्येक आस एकेकटा चौकटीत बसवा आणि बोटाने फिरवा. मोकळा आस हळूहळू थांबतो, अडणारा झटकन. मग दोन-दोन चाकं लावून बघा. जोडीत अडलं तर दाते फार खोल बसतात किंवा पिनियनचा एखादा गज वाकडा आहे. बुशाचं भोक लांबट झालंय का ते आस वर-खाली हलवून कळतं: झिजलेल्या भोकात चाक भाराखाली सरकतं आणि बिनभाराचं छान फिरतं, म्हणून हाताने फिरवताना हा दोष लपतो.

कुठे थांबायचं

पातीला तडा दिसला, किंवा व्हर्जला जोडलेल्या ठिकाणी वेल्डिंग उकललं, की घड्याळ बंद ठेवा. पाती तुटली तर वजन सुटतं. नवी पाती, तिला पाणी देणं (तापवून, बुडवून कडक करणं) आणि व्हर्जवर अचूक कोनात बसवणं हे चांगल्या टूलरूमवाल्याचं काम आहे. घरच्या गॅसवर तापवून पाण्यात बुडवलेली पाती काचेसारखी तडकते.

क्राउन व्हीलची टोकं एका पातळीत आणणं, नवं चाक कापणं, लांबट भोकात नवा बुश सरळ रेषेत बसवणं यालाही लेथ आणि डिव्हायडिंग हेड (चाकाचे सारखे भाग पाडायचं साधन) हवं. टर्नरकडे जाताना एकटं चाक नेऊ नका, आसासकट न्या आणि "आसाच्या टोकांवर धरून फिरव, मग टोकं घे" असं स्पष्ट सांगा. चाक वेगळं धरून बरोबर केलं आणि आसावर तिरकं बसलं तर पैसे पाण्यात. दात्यांची संख्याही कागदावर लिहून द्या, विषम आकड्याचं चाक पाहून "एक कमी-जास्त चालेल ना" म्हणणारे भेटतात.

वजन दहा किलोंच्या वर असेल आणि छताला टांगायचं असेल तर हुक कुठे मारायचा ते बांधकाम कळणाऱ्याला विचारा. त्याखाली मुलं येणार नाहीत अशी आडोशाची पेटी करा.

आणि हातात प्रतिकृती नसून खरंच जुनं मनोऱ्याचं घड्याळ आलं असेल, देवळातलं, चर्चमधलं किंवा वाड्यातलं, तर वरचं काहीही करू नका. तेलसुद्धा घालू नका. फोटो काढा, वजन असेल तर ते आधारावर टेकवा आणि जुन्या यंत्रांचं जतन करणाऱ्या माणसाला बोलवा.